पट्टा आवळताना

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी मला येतं, पण कानातून आत शिरताना ते उंबऱ्यावर मराठी होतं आणि मगच डोक्यात जातं. त्यामुळे एप्रिलातल्या एका सोमवारी हेड ऑफिसातले मोठे साहेब स्क्रीनवर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘वुई ऑल हॅव टु टाइटन अवर बेल्ट्स,’ तेव्हा मला ऐकू आलं ते असं: आता सगळ्यांनी कंबर कसायची!

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. नक्की मोठं काम आलं असणार. बाकीचे सगळे कॅमेरे बंद करून मूग गिळून बसले होते. मी माइक चालू केला आणि म्हणालो, ‘सर, पुणे टीम इज रेडी! व्हेरी एक्सायटेड!’

साहेब क्षणभर हलेचनात. मला वाटलं नेट गेलं. मग ते हळूच म्हणाले, ‘दॅट्स द स्पिरिट.’

घरी जाताना मी अर्धा किलो पेढे घेतले.

‘अहो, पेढे कसले?’ हिने विचारलं. मी सगळं सविस्तर सांगितलं. मुलगी कॉलेजात जाते, इंग्रजी माध्यमातली. तिने पेढा तोंडात टाकला, नीट संपवला आणि मग म्हणाली, ‘बाबा, बेल्ट टाइट करणं म्हणजे खर्च कमी करणं. तुला यंदा पगारवाढ नाहीये.’ आधी पेढा आणि मग बातमी, हा क्रम तिने आईकडून घेतलाय.

तसा इंग्रजांचा दोष नाही. पोटात कमी गेलं की कंबर बारीक होते, पँट घसरायला लागते आणि पट्टा एक भोक आत घ्यावा लागतो, म्हणून त्यांच्याकडे पट्टा आवळणं म्हणजे खर्चाला कात्री. सवयही दांडगी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, त्यांच्याकडे लोणी, साखर, बेकन मापून मिळायला लागलं आणि युद्ध जिंकूनही मांसावरचं रेशन उठायला १९५४ उजाडलं. आपल्याकडे कंबर कसायची ती शेला बांधून मोहिमेवर निघायला. आता मोहिमा उरल्या नाहीत, म्हणून आपण मुलीच्या लग्नासाठी कंबर कसतो, आणि मराठी माणसाने लग्नासाठी कंबर कसली की खर्च तिथून सुरू होतो. कार्य पार पडल्यावर उरतं ते मोडलेलं कंबरडं. क्रिया तीच, कंबर तीच. त्यांचा पैसा वाचतो, आपला जातो.

ऑफिसात आधी बिस्किटं गेली. मग टिश्यू पेपर. मग एक दिवस चहाचं मशीनच दोन माणसं उचलून घेऊन गेली. एसी सव्वीसवर स्थिरावला.

घरात मात्र सूत्रं आईने हाती घेतली. ‘पट्टा कसला आवळतायत? पोटाला चिमटा काढा म्हणावं,’ ती म्हणाली. तिचा अधिकार मोठा. १९६५ साली शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा म्हटलं, तेव्हा तिच्या वडिलांनी सोमवारी रात्री घरात चूल पेटू दिली नव्हती. ना मीटिंग, ना मेल. १९७२च्या दुष्काळात तिने अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या खाल्ल्यात. अशा बाईसमोर बिस्किटं गेल्याचं दुःख सांगायला जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून टूथपेस्टची ट्यूब लाटण्याखाली गेली, नंतर कात्रीने उभी चिरली गेली. साबणाची चिपटी नव्या वडीच्या पाठीवर चिकटली. दुधाची पिशवी विसळलेलं पाणी चहात जाऊ लागलं. घरपोच जेवण मागवणारी ॲपं तिने माझ्या फोनवरून, माझ्याच अंगठ्याने, काढायला लावली.

आणि मुख्य नियम: अन्न टाकायचं नाही. ऐकायला किती चांगला! पण आमच्या घरी मुलगी डाएटवर, हिचे गुरुवार आणि शनिवार धरलेले, आईचं रात्रीचं जेवण म्हणजे कपभर दूध. आता उरलेलं कोणी संपवायचं? शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, कालच्या भाताचा फोडणीचा भात, परवाच्या आमटीत सोडलेल्या चकोल्या, आणि कुठल्या वारची ते कोणालाच आठवत नाही अशा भाजीचं थालीपीठ, वर तुपाची धार. मी ‘बास’ म्हणालो की आई पातेलं तिरकं करून दाखवायची. ‘एवढंसंच आहे रे. आता हे काय टाकायचं का?’

या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा मराठी मुलगा अजून जन्माला यायचाय.

जुलैत पट्टा शेवटच्या भोकावर आला. ऑगस्टमध्ये तोही लागेना. सबंध कंपनी पट्टा आवळत होती आणि त्यात मी एकटाच पट्टा सोडत होतो. नवा बघायला गेलो तर दुकानात किंमत १,७९९ रुपये. काटकसर करण्यासाठी एवढा खर्च मला पटेना. मग कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या मामांकडे गेलो.

‘मामा, एक भोक पाडायचंय.’

त्यांनी आरी उचलली, पट्टा मांडीवर घेतला आणि सवयीने विचारलं, ‘किती आत घेऊ?’ मग मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. ‘म्हणजे बाहेर.’

मी मान डोलावली.

‘एकाचे दहा रुपये,’ ते म्हणाले. ‘पण दिवाळी जवळ आलीय, तुम्ही परत येणार. आत्ताच दोन पाडून घ्या, पंधरात करतो. पाच रुपये वाचतील.’

मी दोन पाडून घेतली.