तीन मीटर, बारा सेकंद

काल प्रभ्या कट्ट्यावर फुल बॉडी चेकअपची फाइल घेऊनच आला. चालीवरून म्हातारपणीची तब्येत ओळखता येते, अशी बातमी आली होती; ती त्याला झोंबलेली. "म्हणे चालण्यावरून तब्येत कळते! मग आम्ही एवढं रक्त कशाला काढून दिलं?"

"रक्त दिलंस, पाय कुठे दाखवलेस?" सुलभाताई. तीस वर्षं फिजिओथेरपी केलेली बाई, तिच्यापुढे फाइल कसली टिकते! "खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका. मांड्या, तोल, डोळे, मेंदू, सगळ्यांची हजेरी एका फेरीत. १९९१ पासून आहे ही चाचणी."

"आणि ती ब्राझीलवाली चाचणी?" दिलीप म्हणाला. "जमिनीवर बसून उठायचं, हात टेकला की १ मार्क गेला."

"आपल्याकडे पंगतीत कळायचं ते. बुफे आला आणि सोय गेली."

मला आई आठवली. स्वयंपाकघरातून येताना आधी फ्रिज धरायची, मग टेबलाची कड, मग चौकट. चौकटीच्या पांढऱ्या रंगावर बोटांचा काळपट पट्टा उमटला होता. तो मी दोनदा पुसला. हात तिथे का जातो, हे विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, "वय झालं." सहा महिन्यांत खुबा मोडला.

सुलभाताईंचा आवाज चढला. "वय झालं हे काय निदान आहे? चाल मंदावली की शोधायचं. कुठली गोळी चक्कर आणते, बी-१२ कमी आहे का, नजर कशी आहे. मांड्यांचा व्यायाम सत्तरीतही लागू पडतो."

"म्हणजे तुम्ही माझं मरण सेकंदांत सांगणार?" प्रभ्या.

"घाबरला!" दिलीप. "चौऱ्याण्णव साली सिंहगडावर अर्ध्यातच पिठलं-भाकरीला बसला, तेव्हापासूनचा आहे हा."

"पाय मुरगळला होता!"

शेवटी टपरीची खुर्ची आली. शेजारच्या टेलरची टेप दोनदा लावून ३ मीटर मोजले. प्रभ्या ऐटीत निघाला. वळतोय तोच दिलीप ओरडला, "पिठलं तयार आहे रे!" प्रभ्या जागच्या जागी थांबला, त्याला सणसणीत शिवी दिली आणि मग परत चालू लागला.

"बोलायला थांबलास!" सुलभाताई टाळी वाजवून म्हणाल्या. "सत्त्याण्णव साली स्वीडनमध्ये हेच बघितलं. बोलताना चालणं थांबवणारी म्हातारी माणसं पुढे जास्त पडली. वेळ किती?"

"सतरा."

"त्यातले पाच शिवीचे!" प्रभ्या ओरडला, आणि टपरीवाल्याच्या हातातला चहाही हसण्यात सांडला.