पिशवीत ‘घाण रक्त’ साठत नसतं

गौरी-गणपती जवळ आले की मेडिकलमध्ये ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ मागितली जाते, आणि त्याच सुमारास बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. गोळीने अडवलेलं घाण रक्त पिशवीत साठून त्याच्या गाठी होतात. एकदा जरी घेतली तरी चक्र कायमचं बिघडतं, मूल राहत नाही. निरोगी बाईची पाळी अठ्ठाविसाव्या दिवशीच येते. आणि ढकलायचीच असेल तर लिंबाचा रस किंवा भाजलेल्या डाळीची पूड घ्या, ते ‘नॅचरल’.

गौरींना पाळी चालत नाही हे ठरवलं कोणी, हा वाद आज घालत नाही. गोळी घ्याच असंही म्हणत नाही.

आधी घाण रक्ताचं बघू, कारण बाकीची भीती त्याच्याच जोरावर उभी आहे. पाळी संपते तेव्हा गर्भाशयाचं अस्तर जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर उरलेलं असतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच नावाचं हार्मोन येतं, त्याने अंडाशयातली एक बीजकोशिका वाढते, ती इस्ट्रोजेन हे हार्मोन सोडते आणि अस्तर जाड होऊ लागतं. इस्ट्रोजेन दोनेक दिवस चढंच राहिलं की पिट्युटरी एलएच या दुसऱ्या हार्मोनचा लोंढा सोडते. तिथून साधारण 36 तासांनी बीज बाहेर पडतं. मागे उरलेल्या कोशिकेचा पिवळा पुंजका होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवायला लागतो. अस्तर टिकून राहतं ते याच्या जिवावर. गर्भ राहिला नाही तर पुंजका सुमारे दोन आठवड्यांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि पाळी येते.

हे कोसळणं एका माणसाने चक्क डोळ्यांनी पाहिलं आहे. अमेरिकेतल्या मार्की या शास्त्रज्ञाने माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे त्यांच्याच डोळ्यांत, पुढच्या पारदर्शक पडद्यामागे रुजवले. त्याने 1940 साली प्रसिद्ध केलेलं वर्णन असं: हार्मोन उतरले की तुकडा आधी आक्रसतो, त्यातल्या नागमोडी धमन्या आवळल्या जातात, आणि त्या सैल पडल्यावर रक्त झिरपतं. म्हणजे तोवर ते रक्त धमन्यांमधून वाहतच होतं. बोटाला सुई टोचली तर येतं तेच हे रक्त. सोबत सुटलेलं अस्तर आणि चिकट स्राव असतो, एवढंच. सबंध पाळीत रक्त जातं ते सरासरी 30 ते 40 मिलिलिटर.

पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे सहसा नॉरएथिस्टेरॉन, आणि ती प्रोजेस्टेरॉनचं काम करते. गोळी चालू असेपर्यंत अस्तराचा आधार कोसळत नाही, म्हणून ते सुटत नाही. नळ बंद केल्यावर मागे टाकी तुंबावी, असलं काही आत घडत नाही. दिवस गेलेल्या बाईला नऊ महिने पाळी नसते, अंगावर पाजणारीलाही कधीकधी कितीतरी महिने येत नाही. त्यांच्या पिशवीत रक्ताचे गोळे होतात असं कुठली आजी म्हणेल? रक्त खरंच साठतं ते वेगळ्या आजारात. योनिमुखावरचा पडदा जन्मतःच पूर्ण बंद असेल, तर वयात आलेल्या मुलीचं पोट दर महिन्याला दुखतं आणि बाहेर काहीच येत नाही. त्यावर छोटी शस्त्रक्रिया असते.

मूल न होण्याचं म्हणाल, तर हे औषध 1951 मध्ये मेक्सिको सिटीत तयार झालं आणि पुढे गर्भनिरोधक गोळ्यांत गेलं. वर्षानुवर्षं त्या गोळ्या घेऊन थांबवणाऱ्या बायकांना मुलं होतात. चार-आठ दिवसांच्या गोळीने कोणी वांझ होत नाही. मध्येच डाग लागतील, पुढची पाळी थोडी मागेपुढे होईल.

अठ्ठावीस ही नुसती सरासरी आहे. 24 ते 38 दिवसांत कधीही आली तरी ती सामान्य पाळी. हे मागेपुढे होणं बहुतेक वेळा बीज बाहेर पडण्याआधीच्या दिवसांत होतं, आणि लिंबाला फुकटचं श्रेय मिळतं ते इथेच. पाळी आपसूक चार दिवस लांबते, नाव रसाचं होतं. पोटातलं आम्ल मुळात लिंबापेक्षा तीव्र असतं. त्यात आणखी एक लिंबू पिळल्याने प्रोजेस्टेरॉनला काही कळत नाही. डाळीचंही तेच.

मला खरा राग आहे तो या मेसेजने जे सांगितलंच नाही त्याचा. सहसा 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून देतात. एवढ्या डोसात तिचा थोडा अंश शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि त्याने शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पूर्वी गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठणारी, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा आजार असलेली बाई असेल, तर जाऊबाईंच्या पाकिटात उरलेल्या गोळ्या तिच्या कामाच्या नाहीत. डॉक्टरांना हे सगळं सांगूनच चिठ्ठी घ्यायची. गोळी चालू असताना एकाच पोटरीला सूज येऊन दुखायला लागलं, धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर गोळी बंद करून थेट हॉस्पिटल. गौरी विसर्जनापर्यंत थांबायचं नाही.

आणि अशी घेतलेली गोळी गर्भनिरोधक नसते. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी यायला हवी. आठवडा उलटूनही आली नाही, तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा.