फुंकायला नकार दिला की सुटका? नाही!

‘नाकाबंदीत दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकू नका, पोलीस काहीच करू शकत नाहीत,’ हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला साफ खोटा आहे आणि घातकही. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 203 वाचा: दारूचा वाजवी संशय असताना नकार दिलात, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. शिवाय कलम 205 नुसार तोच नकार, वाजवी कारण नसेल तर, कोर्टात तुमच्याविरुद्ध जाऊ शकतो.

तुमचे खरे हक्क वेगळे आहेत, ते लक्षात ठेवा. तपासणारा पोलीस गणवेशातच हवा. कलम 185 खाली, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, अटक झाली, तर दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. अटकेची वेळ लिहून घ्या. गाडी चालवताना अल्कोहोलची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.