बायो-एन्झाइम बादलीत चालेल, तलावात ओतू नका

माझ्या मोठ्या जाऊबाई ठाण्यात, चरईत राहतात. गेल्या महिन्यात त्यांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. घसा जळत होता, खोकला थांबत नव्हता, डोळ्यांना धारा लागल्या होत्या. बाथरूमच्या फरशीवर त्यांनी आधी ब्लीच टाकलं होतं. डाग निघेनात, म्हणून त्यावरच घरी केलेलं बायो-एन्झाइम, म्हणजे गूळ आणि फळांच्या सालींचं आंबवलेलं पाणी, ओतलं आणि पाटावर बसून घासायला घेतलं. ते नैसर्गिक आहे, कशातही मिसळलं तरी अपाय नाही, असं त्यांना व्हॉट्सॲपवर आलं होतं. आता त्या बऱ्या आहेत. पण तोच मेसेज परवा आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटी ग्रुपवर आला आणि त्याखाली कुणीतरी वाढीव ओळ घातली होती: रविवारी सगळ्यांनी बायो-एन्झाइमचे आपापले कॅन तलावात ओतायला काठावर जमायचं. तेव्हा राहवलं नाही.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. कृती सोपी आहे: एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्री-मोसंबीची सालं, दहा भाग पाणी, झाकण लावून तीन महिने ठेवायचं. थायलंड-मलेशियाकडून ही कृती जगभर पसरली. त्यापुढचे दावे असे: आंबताना यातून ओझोन बाहेर पडतो आणि ओझोनच्या थराचं छिद्र भरून निघतं, एक लिटर टाकलं की नदी-तलावाचं हजार लिटर पाणी शुद्ध होतं, घरातली सगळी केमिकल्स बंद करता येतात, जंतू मरतात, आणि नैसर्गिक असल्यामुळे धोका शून्य.

ओझोनचं आधी उरकते, कारण हा दावा शाळेतल्या विज्ञानापुढेही टिकत नाही. गूळ-पाण्यात यीस्ट वाढतं, साखरेचा अल्कोहोल करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पुढे दुसरे जीवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात, म्हणजे व्हिनेगर. कॅनमधून जे बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. ओझोन तयार व्हायला वीज लागते किंवा अतिनील किरण लागतात, किंवा गाड्यांच्या धुरातले वायू आणि कडक ऊन. समजा कॅनमध्ये ओझोन झालाच, तर सगळ्यात आधी कॅनमधलं यीस्टच मरेल. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात ओझोन सोडतात तो जंतू मारण्यासाठीच. आणि जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना घातक असतो. 2009 च्या राष्ट्रीय वायू गुणवत्ता मानकांत त्याची गणना प्रदूषकांत आहे: आठ तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, एका तासाची 180. स्वयंपाकघरात ओझोन निघावा अशी इच्छा कुणी करू नये. आकाशातला थर सावरतो आहे तो 1987 च्या मॉन्ट्रियल करारामुळे, फ्रिज-एसीतल्या आणि स्प्रेतल्या सीएफसी वायूंवर जगाने बंदी आणली म्हणून. अंटार्क्टिकावरचं छिद्र 1980 च्या पातळीला यायला साधारण 2066 उजाडेल, असं संयुक्त राष्ट्रांचा 2022 चा आढावा सांगतो. त्यात संत्र्याच्या सालीचा काही वाटा नाही.

आता ब्लीच. हे नीट वाचा आणि घरातल्या आई-सासूबाईंना, कामाला येणाऱ्या ताईंना वाचून दाखवा. बायो-एन्झाइम आम्ल असतं. नीट आंबलेलं असेल तर पीएच तीन-चारच्या आसपास, लोणच्याच्या खारासारखं आंबट. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. लिंबाचा रस, व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड, बायो-एन्झाइम, कुणीही त्याला अपवाद नाही. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड, म्हणून तो खाली बसतो, नेमका तिथे जिथे माणूस पाटावर बसून फरशी घासत असतो. आमच्याकडच्या बाथरूमला खिडकी म्हणजे वीतभर काचा, त्याही बहुधा बंद. पावसाळ्यात सोसायटीत जी ब्लीचिंग पावडर टाकतात, तिच्यावर बायो-एन्झाइम ओतलं तरी हेच होतं. असा वास आला तर घासत बसू नका, बाहेर पडा, दारं-खिडक्या उघडा आणि खोकला थांबत नसेल तर डॉक्टरकडे जा. जाऊबाई अर्धा तास घरीच वाफ घेत बसल्या, कारण नैसर्गिक वस्तूने काही होईल हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्या मेसेजमधल्या "धोका शून्य" या दोन शब्दांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

मात्र रविवारचा बेत माझ्या थेट कामाचा विषय आहे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि तलावाचं सॅम्पल आलं की आम्ही सगळ्यात आधी दोन आकडे बघतो: डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, आणि बीओडी, म्हणजे त्या पाण्यातली घाण खाऊन संपवायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागेल तो आकडा. डीओची बाटली काठावरच भरून त्यात दोन रसायनं घालावी लागतात. ऑक्सिजन असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. पांढरा साका बसलेली बाटली हातात आली की आकडा काढायच्या आधीच कळतं, या पाण्यात मासा जगणार नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार वर्ग केले आहेत. अंघोळीच्या पाण्यासाठी, म्हणजे ब वर्गाला, लिटरमागे डीओ निदान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम. माशांसाठीच्या ड वर्गाला डीओ निदान 4. या प्रश्नात मला याहून वेगळ्या कुठल्या पुराव्याची गरज वाटत नाही. या आकड्यांशेजारी बायो-एन्झाइम ठेवून बघा.

लिटरभर पाण्याला 100 ग्रॅम गूळ. गूळ म्हणजे बहुतेक साखर आणि एक ग्रॅम साखर पूर्ण संपवायला जीवाणूंना साधारण एक ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तीन महिन्यांत साखर संपली, मग आता कशाला ऑक्सिजन, असं कुणी विचारेल. साखर संपली, पण तिचं अल्कोहोल आणि आम्ल झालं आणि त्या दोघांना खायलाही ऑक्सिजन लागतोच. सगळ्याचं अगदी व्हिनेगर झालं असं धरलं तरी मागणी फार तर एक तृतीयांशाने कमी होते. सालींतून उतरलेलं मी मोजतच नाही. हात राखून धरलं तरी एका लिटरमागे 60 ग्रॅम ऑक्सिजनची मागणी उरते, म्हणजे 60,000 मिलिग्रॅम. आपल्या घरांतून गटारात जाणाऱ्या सांडपाण्याची बीओडी लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम असते. म्हणजे "तलाव शुद्ध करायला" नेलेल्या कॅनची बीओडी गटाराच्या पाण्याच्या निदान दोनशे पट आहे.

मेसेजने सांगितलेल्या प्रमाणातच करून बघू. एक लिटर हजार लिटरमध्ये टाकलं, तर त्या पाण्याची बीओडी 60 ने वाढते. मर्यादा 3 ची. आपल्याकडच्या हवेत, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांना, अगदी स्वच्छ पाण्यातही लिटरला 8 मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. त्या हिशेबाने एक लिटर बायो-एन्झाइम साडेसात हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊ शकतं आणि दोनशे लिटरचा एक ड्रम पंधरा लाख लिटरमधला. हे एका क्षणात होत नाही, काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात पाणी हवेतूनही थोडा ऑक्सिजन घेतं, हे खरं आहे. मोठ्या तलावात एका बाटलीने काही बिघडणार नाही, हेही खरं. पण मग एका बाटलीने तलाव सुधारेल कसा? आणि शंभर घरांनी शंभर कॅन एकाच काठावर, एकाच सकाळी ओतले तर त्या कोपऱ्यातल्या माशांचं काय होईल?

ठाण्यात तीसहून अधिक तलाव आहेत आणि बहुतेकांभोवती इमारतींचा वेढा आहे. ते स्थिर पाणी आहे, नदीसारखं वाहून पुढे जात नाही. त्यात निर्माल्य पडतं, माशांना म्हणून लोक पाव टाकतात, पावसात रस्त्यावरची घाण उतरते. पाणी हिरवं झालं की दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर स्वतःच ओढून घेतं, त्यामुळे पहाटे डीओ सगळ्यात खाली असतो. मासे तोंड वर काढून तडफडतात ते पहाटेच. आणि आमच्या ग्रुपने वेळ ठरवली आहे सकाळी साडेसहाची.

यावर ग्रुपमध्ये उत्तर आलं की अमुक तलावात ओतलं तेव्हा वास गेला, फोटो आहेत. वासाचं कारण सांगते. आम्लामुळे पाण्यातल्या अमोनियाचं अमोनियम होतं, ते उडून जात नाही, म्हणून नाकाला कमी जाणवतं. अमोनियाचा नायट्रोजन पाण्यातच राहतो. वर संत्र्याचा वास. आणि फोटोतला "आधी"चा तलाव जलपर्णीने भरलेला, "नंतर"चा जलपर्णी काढलेला, कारंजं सुरू असलेला. मग श्रेय जलपर्णी ओढून काढणाऱ्या कामगारांचं आणि कारंज्याचं आहे. आकडे मागितले, ओतण्याआधीचा आणि चार दिवसांनंतरचा डीओ, तर कुणाकडेच नव्हते.

यात अर्धं खरं आहे ते असं: जीवाणू वापरून घाण पाणी सुधारण्याची पद्धत आहे, ती नाले-तलावांत वापरतातही. पण तिथे निवडलेले जीवाणू सोडतात, बरोबर हवा खेळवायला यंत्रं बसवतात आणि दर काही दिवसांनी पाणी तपासतात. आपल्या तलावात जीवाणूंचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा ऑक्सिजनचा आहे, आणि कॅनमध्ये नेमकं ऑक्सिजन खाणारं खाद्य आहे.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. "घट्ट झाकण लावा" हा सल्ला धोक्याचा आहे. 100 ग्रॅम गूळ पूर्ण आंबला तर वीस-पंचवीस लिटर वायू होऊ शकतो, म्हणून काचेची बरणी नकोच. प्लॅस्टिकचा कॅन घ्या, वर जागा सोडा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. "जंतू मरतात" हे पातळ केलेल्या बायो-एन्झाइमबद्दल धरून चालू नका. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या असतील तर त्या संडास-बाथरूमला ब्लीचच वापरा, एकटं, पाण्यात मिसळून. "सगळ्या फरशीला चालतं" हेही चूक. संगमरवर, शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुन्याचे दगड, आम्लाने त्यांची झिलई जाते. जुन्या चाळींत, वाड्यांत शहाबादीच असते. ग्रॅनाइटच्या ओट्याला काही होत नाही.

आणि हो, मान्य करायचं ते करते. नळावरचे, बादलीवरचे पांढरे क्षाराचे डाग यानं चांगले निघतात, कारण ते आम्ल आहे. लादी पुसायच्या पाण्यात झाकणभर टाकलं तर रोजची लादी स्वच्छ होते, हातही खरखरीत होत नाहीत. सालं डम्पिंगवर जात नाहीत हा तर उघड फायदा. आमच्या सोसायटीतल्या ज्या बायकांनी तीन-तीन महिने कॅन सांभाळले, शेजारच्या रसवाल्याकडून सालं गोळा केली, त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. म्हणूनच ते कष्ट तलावात वाया जाऊ नयेत असं वाटतं. पुसलेलं पाणी मोरीतून ड्रेनेजला जातं, तिथे ते शेकडो घरांच्या पाण्यात पातळ होतं आणि मलनिःसारण केंद्रात बीओडी उतरवण्याचीच यंत्रणा असते. तलावाकाठी अशी यंत्रणा नसते.

ग्रुपवर मी असं सुचवलं आहे. कॅन घरोघर वाटून टाकू, सहा महिने लादीला पुरतील. प्रत्येक कॅनवर मार्करने मोठ्या मराठी अक्षरांत लिहू: ब्लीचमध्ये मिसळू नये. रविवारी तलावावर जाऊच, पण हातमोजे आणि पोती घेऊन, काठावरचं निर्माल्य आणि प्लॅस्टिक उचलायला. डीओच्या बाटल्या मी आणते. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी एकेक सॅम्पल घेऊ. कुठल्या कोपऱ्यात सांडपाण्याची पाइप उतरते तेही बघून ठेवू आणि तेवढं लिहून महापालिकेच्या प्रदूषण नियंत्रण विभागाला सगळ्यांच्या सह्यांनिशी अर्ज देऊ. आतापर्यंत अकरा जणींनी होकार दिला आहे. ज्यांनी मेसेज टाकला होता त्या काकांनी मेसेज अजून काढलेला नाही, त्यांना मी उद्या प्रत्यक्ष भेटणार आहे.