लाल सोडून बाकीचे झाकले तरी चालतात

आमच्या गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे गॅरेजातल्या भाषेत ईसीएम, पावसाचे पाणी शिरून मेला. नव्याची किंमत ऐकून घरात शांतता पसरली, म्हणून भंगारात निघालेल्या तशाच मॉडेलच्या गाडीतला बसवून घेतला, किल्ली मॅच केली आणि इंजिन सुरू झाले. इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर मीटरवर मुक्कामाला आलेल्या दिव्यांविषयी. चेक इंजिनचा पिवळा, एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा आणि नागमोडी रेघा सोडत घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा आणखी एक पिवळा, असे तिघेजण किल्ली फिरवली की हजर होत आणि मी उतरेपर्यंत जात नसत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या इलेक्ट्रिशियनने ईसीएम बसवला होता, त्याच्याकडेच काल परत गेलो. त्याने स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसला. बिघाडाचे दोन कोड निघाले. यू०१०० म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. तो जुना ईसीएम काढला तेव्हाचा साठलेला होता, पुसल्यावर गेला. पी०६३० मात्र पुसून किल्ली फिरवली की पुन्हा उभा. त्याचा अर्थ असा की ईसीएममधला चेसिस नंबर या गाडीचा नाही.

हे सगळे शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून एक गृहस्थ ऐकत होते. साठी ओलांडलेली, पांढरा शर्ट, खिशात टेस्टर. त्यांची कोणतीही गाडी दुरुस्तीला आलेली नव्हती. सगळे त्यांना तात्या म्हणत होते आणि ऑइल इंजिनाच्या कारखान्यात उभी हयात घालवल्याचे त्यांनी मी न विचारताच सांगितले.

‘‘गाडी पळतीया न्हवं?’’ तात्यांनी विचारले.

‘‘पळते.’’

‘‘मग दिवं कशाला बघत बसताय? आमच्या इंजनाला एक दिवा नव्हता. हँडल मारलं की चालू. बिघडलं तर आवाजावरनं कळायचं.’’

मी त्यांना समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. इंजिन, ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग यांचे वेगवेगळे कॉम्प्युटर एकमेकांभोवती पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात, बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ साली जगापुढे मांडली, चाक घसरू लागले की ब्रेकचा कॉम्प्युटर इंजिनाला जोर कमी करायला सांगतो, आणि समोरून ओळखीचे उत्तर आले नाही तर तो आपला दिवा लावून कामातून अंग काढून घेतो, हे सारे मी आदल्या रात्री जागून वाचले होते आणि ते कोणाला तरी ऐकवायचेच होते. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

‘‘म्हंजे सासरी आली, पन कागदावर अजून म्हायेरचंच नाव हाय.’’

उदाहरण इतके चपखल होते की माझ्या रात्रीच्या अभ्यासाची किंमत तिथेच शून्य झाली. बुलेटचे काम करून घ्यायला आलेला एक तरुण म्हणाला, ‘‘तात्या, आता नाव बदलायची सक्ती न्हाई.’’ त्यावर तात्यांनी आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि धाकट्या सुनेचा पासपोर्ट यांची समग्र हकीकत सांगितली. इलेक्ट्रिशियनने स्कॅनर बॉनेटवर ठेवला आणि तोही चर्चेत उतरला. माझी गाडी दार उघडे टाकून, तीन दिवे लावून, आपल्या आडनावाचा निकाल ऐकत उभी होती.

निकाल तात्यांनीच दिला. ते उठले, खिशातून इन्सुलेशन टेपचे रीळ काढले, दाताने तीन तुकडे तोडले आणि मी ‘‘अहो, अहो’’ म्हणेपर्यंत माझ्या सीटवर बसून ते मीटरच्या काचेवर चिकटवलेसुद्धा. प्रत्येक तुकड्याच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवून त्यांनी आतली हवा काढली.

‘‘लाल सोडून बाकीचं झाकलं तरी चालतंय. लाल लागला तर मात्र जाग्यावर थांबायचं.’’

लाल म्हणजे लगेच थांबा आणि पिवळा म्हणजे तपासून घ्या, हे गाडीच्या पुस्तकातही छापलेले आहे. पण तपासून घ्या म्हणजे झाका, असा अर्थ त्यात कुठेही नाही. एबीएसचा दिवा लागलेला असताना साधे ब्रेक चालतात, मात्र ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाके जाम होऊन गाडी सरळ घसरू शकते. चेक इंजिनच्या दिव्यावर टेप असेल तर उद्या दुसरा खरा बिघाड झाला तरी तो कळणार नाही. हे मी जरा आवाज चढवूनच सांगितले. बुलेटवाल्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले, आणि ती सहानुभूती मला जास्त झोंबली.

तात्यांचे एक वेळ सोडून देऊ. पण ज्यांना हे काम येते, त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बाहेरचा पार्ट असल्यास हात लावत नाही, असे फोनवर सांगितले होते. नवा पार्ट घेतला तर नंबर तेच टाकून देतील. गाडी माझी, आरसी माझ्या नावावर, त्यावर छापलेला सतरा अक्षरी चेसिस नंबर मला तोंडपाठ, आणि तो माझ्याच गाडीत टाइप करण्याची सोय मात्र मला नाही. त्यासाठी आता पुण्याहून लॅपटॉपवाला बोलवायचा. तो कोल्हापुरात पुरेशी गिऱ्हाइके जमल्याशिवाय येत नाही, आणि आला तरी या ईसीएममधला नंबर बदलता येईलच याची हमी देत नाही, कारण काही ईसीएममध्ये तो एकदाच लिहिता येतो. हे मला पार्ट विकत घेताना कोणीही सांगितले नव्हते. पैसे मोजून झाल्यावर मात्र सगळ्यांनाच ते ठाऊक होते.

इलेक्ट्रिशियनने वहीचे पान फाडून बिल लिहिले. स्कॅनिंग, कोड पुसणे, आणि सर्वांत खाली, टेप, दहा रुपये. स्कॅनिंगवर मी काही बोललो नाही, टेपवर मात्र कडक हरकत घेतली. तेव्हा तात्यांनी माझी बाजू घेतली. टेप गॅरेजची नव्हती, त्यांच्या स्वतःच्या खिशातली होती, त्यामुळे ते दहा रुपये बिलात धरणे चूकच आहे. ते मी त्यांच्या हातात द्यावेत, आणि सुट्टे नसतील तर चहा सांगितला तरी चालेल.