शांतता हवी असेल तर ब्लेचलीला या

लंडन परवडत नाही हे कबूल करायला लाजू नका. ते कोणालाच परवडत नाही. तिथं राहणाऱ्यांनी फक्त हिशेब करायचा सोडून दिलाय. तुम्ही पडलात मराठी. तुम्ही एक्सेल उघडून बसणार, एका रकान्यात भाडं आणि दुसऱ्यात पगार मांडणार, आणि रात्री अकरा वाजता बायकोला हाक मारून म्हणणार, "अगं, जरा लांब गेलं तर तीन बेडरूम येतात. मागं बाग पण आहे." हे 'जरा लांब' म्हणजे आमचं ब्लेचली. लंडनच्या युस्टन स्टेशनहून गाडीनं पाऊण-एक तास, मिल्टन कीन्स शहराच्या दक्षिणेला चिकटलेलं. जरूर या. एजंट तुम्हाला सांगेल, "एरिया एकदम शांत आहे." तो खोटं बोलत नाही. पूर्ण इंग्लंडमध्ये एजंटनं खरं सांगितल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण.

मात्र ही शांतता आपोआप आलीय असं समजू नका. शांत बसणं हा इथला जुना धंदा आहे. आपण घर बघताना पहिला प्रश्न विचारतो ना, स्टेशनपासून किती मिनिटं? ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे प्रमुख ॲडमिरल ह्यू सिंक्लेअर यांनी 1938 मध्ये तेच केलं. लंडनची मोठी लाइन, एका बाजूला ऑक्सफर्डची गाडी, दुसऱ्या बाजूला केंब्रिजची, आणि स्टेशनातून चालत पोचता येईल असा बंगला. घेऊन टाकला. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना त्या ब्लेचली पार्कात नऊ हजारांच्या आसपास माणसं जर्मनांचे एनिग्मा नावाच्या यंत्रानं सांकेतिक केलेले संदेश उलगडायच्या कामात होती. त्यातल्या चारांपैकी तीन बायका. आणि युद्ध संपल्यावर ही सगळी मंडळी जवळजवळ तीस वर्षं, 1974 पर्यंत, काही म्हणजे काही बोलली नाहीत. नवरा-बायको दोघंही तिथंच कामाला, पण एकमेकांना पत्ता नाही. आमच्याकडे शेजारच्या काकूंचा रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी जिन्यात पोचायचा, त्या डोंबिवलीतून मी इथं आलोय. तेव्हा माझं काय झालं असेल याचा अंदाज करा.

तुमचं शिक्षण प्लॅटफॉर्मवर सुरू होईल. सकाळी सात दहाची गाडी पकडायची असेल तर सात वाजता जा आणि मोकळी दिसेल त्या जागी उभे राहा. दुसऱ्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की प्रत्येकाची फरशी ठरलेली आहे; दरवाजा नेमका कुठं येतो हे त्यांना पाठ आहे. तुम्ही उभे आहात ती कोणाची तरी फरशी. तो काही बोलणार नाही. तुमच्यापासून दीड फुटावर उभा राहील आणि रुळांकडे बघत राहील. तुम्ही आपण होऊन सरकाल. माझ्या शेजारच्या फरशीवर एक करड्या कोटातले गृहस्थ असतात. सात वर्षांत आमची प्रगती मान हलवण्यापर्यंत आली आहे. मध्ये तीन आठवडे ते दिसले नाहीत, मी काळजीत होतो. परत आले तेव्हा हाताला प्लास्टर. मी भुवया किंचित उंचावल्या, त्यांनी खांदे किंचित उडवले. इतकं मनमोकळं बोलणं पुन्हा झालेलं नाही. डोंबिवलीच्या लोकलमध्ये तोवर चौथ्या सीटवाल्यानं हाड कुठलं, डॉक्टर कोण आणि मेडिक्लेम किती, सगळं काढून घेतलं असतं.

पानगळीच्या दिवसांत गाडी उशिरा येईल आणि कारण सांगितलं जाईल, "रुळांवर पानं पडली आहेत." हसू नका. मीही हसलो होतो, एकटाच. ती ओली पानं चाकाखाली चिरडून रुळावर बुळबुळीत थर बसतो आणि ब्रेक लागत नाहीत. प्रकरण खरंच गंभीर आहे. जुलैच्या पावसात गुडघाभर पाण्यातून ठाण्यापर्यंत चालत गेलेल्या माणसाला हे गंभीर चेहऱ्यानं ऐकता आलं, की तो इथं रुळला म्हणायचा.

आता परवडण्याचं. घराचे जे पैसे वाचले त्यांना हात लावू नका, ते रेल्वेचे आहेत. गर्दीच्या वेळेचा पास काढला की एक्सेलमधला तो हिरवा आकडा पुन्हा जिथल्या तिथं येतो. उरलेसुरले मोटारीचे, कारण रविवारी मेथीची जुडी आणायला बसची वाट बघत बसाल तर मेथी सुकेल. राहता राहिला काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी. तो तुमचं घर आज केवढ्याचं आहे यावर नसतो. 1 एप्रिल 1991 रोजी ते केवढ्याला गेलं असतं यावर असतो. घर 2010 मध्ये बांधलेलं असलं तरी. तारीख पुन्हा एकदा वाचा. मी काउन्सिलला फोन करून खात्री करून घेतली. पलीकडच्या बाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या की होय, एप्रिलची पहिलीच.

आणि बाग! त्या बागेसाठीच तर एवढं केलं. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. तुम्ही सातला बाहेर पडणार, सातला परत येणार. म्हणजे सोमवार ते शुक्रवार बाग आहे यावर श्रद्धा ठेवायची. शनिवारी पडदा सारून बघून घ्यायचं. पाऊस असतो, पण दिसते.

घर मिळेल ते बहुधा सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांची आणि तुमची मिळून. या भिंतीपाशी माझा पहिला गुन्हा घडला. राहायला आलो त्या रविवारी बायकोनं राजमा लावला. चौथी शिट्टी झाली आणि दाराची बेल वाजली. पलीकडचे आजोबा, हातात टॉर्च, भर दुपारी. "सगळं ठीक आहे ना?" एवढंच विचारलं. मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन कुकर दाखवला. त्यांनी लांबूनच वाकून पाहिला, "फारच इंटरेस्टिंग" म्हणाले आणि गेले. तो शेरा कौतुकाचा होता असं मला पुढं वर्षभर वाटत होतं. नंतर कधीतरी मोर्सचा, म्हणजे तारेच्या कट्ट-कडकट्ट लिपीचा, तक्ता हाती लागला. दोन लांब शिट्ट्या म्हणजे एम. तीन म्हणजे ओ. चार लांब शिट्ट्यांना इंग्रजीत अक्षरच नाही. ज्या गावानं एनिग्मा फोडला तिथं आमच्या राजम्यानं पेच टाकला होता. तेव्हापासून आमच्याकडे वरण दोन शिट्ट्यांत होतं, राजमा डब्यातला येतो, आणि आजोबा भेटले की "छान हवा आहे" म्हणतात.

कचऱ्याचंही शिकून घ्या. चाकांचे चार डबे. लाल झाकणाचा कागद-पुठ्ठ्याला, निळ्या झाकणाचा प्लास्टिक-काच-पत्र्याला, हिरवा उष्ट्याखरकट्याला आणि बागेच्या पाल्याला, काळा उरलेल्या सगळ्याला. नारळाची करवंटी कशात टाकायची यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. कुठल्या दिवशी कुठला डबा हे पाठ करत बसू नका. आदल्या रात्री पडद्याच्या फटीतून समोर बघायचं आणि तोच डबा बाहेर काढायचा. सगळी गल्ली हेच करते. एकदा मी सुट्टीच्या घोळात चुकून निळ्या झाकणाचा काढला. सकाळी उठून बघतो तर दुतर्फा निळी झाकणं. बारा घरं, एकही माणूस काही बोलला नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा आपण या गावाचे झाल्यासारखं वाटलं.

सणांची चिंता नको. कायदा उदार आहे: इंग्लंडात एरवी रात्री अकरानंतर फटाके वाजवायला बंदी, पण दिवाळीच्या रात्री एकपर्यंत मुभा. पहिल्या वर्षी मी फक्त फुलबाजी लावली. आवाज नाही, धूर बेताचा. समोरच्या तीन खिडक्यांचे पडदे एका बोटाएवढे हलले. आता आम्ही फराळाची ताटली दोन्ही बाजूंना देऊन येतो आणि फटाके युट्यूबवर बघतो. गणपतीची आरती म्हणताना टाळ्या दोन बोटांनी वाजवतो. 'घालीन लोटांगण'ला मुलाचा आवाज वर चढत जातो, त्याला डोळ्यांनी दाबतो. मिल्टन कीन्सची शान म्हणजे 1978 मध्ये केलेल्या काँक्रीटच्या गाई. पाहुणे आले की आम्ही त्या दाखवायला नेतो. गाई दाखवून मुलाला समजावणं सोपं जातं: बघ, कशा उभ्या आहेत.

तर या. गेल्या महिन्यात समोरच्या घरात एक जोडपं आलंय, दाराला तोरण, बाहेर चपलांची रांग; पुण्याचे असावेत असा बायकोचा अंदाज, तुळस कुठल्या कुंडीत लावलीय त्यावरून. जाऊन बोलूया, असं आम्ही रोज ठरवतो. काल रविवारी दुपारी त्यांची खिडकी उघडी होती आणि शिट्ट्या ऐकू आल्या. एक. दोन. तीन. बायको पोळी लाटता लाटता थांबली. चौथी झाली.

"राजमा," ती म्हणाली.

मी उठलो, आमची खिडकी लावून घेतली आणि पडदा बोटभर सारून बघितलं, डबा कुठला काढलाय ते.