धातूची पट्टी, नग 1

आज शिपायानं वर्गात येऊन पोरांसमोर पत्र दिलं. निवडणूक साहित्यातली 'धातूची पट्टी, नग 1' जमा न केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करा. प्रत माहितीस्तव गटशिक्षणाधिकारी. म्हणजे तालुकाभर झालं, मास्तर पट्टीचोर.

नगरपरिषदेचं मतदान होतं 2 डिसेंबर 2025 ला, आणि मी केंद्राध्यक्ष. नगराध्यक्षाचं एक आणि प्रभागातल्या दोन सदस्यांची दोन, अशी तीन मतं. सगळी पडल्याशिवाय यंत्राची शिट्टी वाजत नाही. पहिलं बटण दाबून थेट दाराकडं निघालेल्या आज्यांना परत वळवण्यात माझा घसा बसला. त्यात यादीत नावापुढं दोन तारे असलेले संभाव्य दुबार मतदार. दुसरीकडं मत देणार नाही असं हमीपत्र मागितलं की म्हणणार, "गुरुजी, एकटाच आलोय, बघा की!"

पण ते सगळं निभावलं. रात्री साहित्य जमा करायला गेलो. हजार भानगडींचं मूळ असलेलं मतदान यंत्र मिनिटाभरात घेतलं. सील बघितलं, टिक केली, गेलं आत. मग पिशवी उघडली. टेबलामागं कानटोपीतले भाऊसाहेब.

"मेणबत्ती?"

"लाखेला वापरली."

"उरलेली?"

अंगठ्याएवढं थोटूक दिलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं आणि कागदात गुंडाळून ठेवलं. धातूची मोहोर, स्टॅम्प पॅड, सुतळी, सगळं झालं.

"पट्टी?"

"ती मिळालीच नव्हती."

"घेताना सही केलीय."

केली होती. आदल्या दिवशी साहित्यवाटपाच्या मांडवात मागून धक्के बसत होते. तिथं टाचण्या मोजत बसणारा माणूस मला दाखवा. आणि ती पट्टी लागते कशाला? कागदी मतपत्रिका फाडायच्या जमान्यातली असावी. मतपत्रिका गेली, पट्टी यादीतून हलली नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतले एक सर ओरडले, "आमच्या पिशवीत दोन आहेत!"

मला वाटलं, सुटलो. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "तुमची जास्तीची घेता येत नाही. रकान्यात एकच आहे."

"मग यांना देतो."

"केंद्रा-केंद्रात परस्पर देवाणघेवाण? झोनल अधिकाऱ्यांची सही आणा."

झोनल साहेबांची जीप केव्हाच निघून गेली होती. म्हणजे एक मास्तर पट्टी कमी म्हणून अडकला, दुसरा जास्त म्हणून, आणि मधे भाऊसाहेब रजिस्टरमध्ये नवा रकाना आखत होते. स्टीलच्या पट्टीनं. ती कुणाची, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

रांगेतच बातमी फिरली. 3 तारखेची मतमोजणी रद्द, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानं आता सगळीकडची एकदमच 21 डिसेंबरला. काही ठिकाणचं मतदानच 20 तारखेवर गेलं होतं म्हणे. छान! कित्येक नगरपरिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसला होता. सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये कान पिळला तेव्हा कुठं हे मतदान लागलं. तेवढी वर्षं कुणाला खुलासा विचारला? यंत्रं अठरा-एकोणीस दिवस कुलपात बसली, चालतं. पट्टी मात्र त्याच रात्री पाहिजे.

हसण्यावारी नेतोय, पण खरं सांगू? आदल्या रात्री दोन बाकं जोडून झोपलो होतो. केंद्रावरच्या संडासाला कडी नव्हती, बरोबरच्या मॅडम दिवसभर पाणी प्यायल्या नाहीत. ते कुठल्या रकान्यात बसतं? भत्ता मिळाला त्यातले काही पैसे मध्यरात्रीच्या रिक्षात गेले, कारण जाताना एसटी होती, येताना नव्हती. सकाळी शाळा होतीच.

शेवटी त्या रात्री कोऱ्या कागदावर लिहून दिलं, 'पट्टी प्राप्त झाली नव्हती.' भाऊसाहेबांनी कागद फाईलला लावला, पोच दिली आणि पहिल्यांदाच हसले.

"वाईट नका वाटून घेऊ, गुरुजी. जिल्हा परिषदेला भेटूच. तेव्हा मोजून घ्या."